दमखांब

सोनवड शहरात जे नाटक रंगेल ते तीन मिनिटांत बंद पडायचं आणि जे पडेल ते बिनघोर चालायचं. नगरसेवकांची भाषणं तासतासभर चालत. स्वच्छता सप्ताहातली सरकारी पथनाट्यं शेवटच्या घोषणेपर्यंत सुखरूप पोचत. पण कुणी खरंच काही करून दाखवू लागलं, चालता माणूस थबकला, हातातली पिशवी खाली ठेवून बघत राहिला, की चौकातल्या खांबावरचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा. हे मी थट्टेनं सांगत नाही. ती यंत्रणा माझी आहे. मी, उज्ज्वला कोळेकर, नगरपालिकेच्या गर्दी नियंत्रण कक्षाची मुख्य अभियंता.

खांबाचं सरकारी नाव ‘समश्वसन निरीक्षण स्तंभ’. लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा दमखांब केला, आणि खरं सांगायचं तर तेच नाव जास्त बरोबर आहे. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती काही मिलिमीटर पुढे येते. तेवढी हालचाल रडारला पुरते. खांबाच्या डोक्यावरून सुटणाऱ्या लहरी कपड्यांतून आत जातात, छातीवरून परततात आणि परतताना त्यांच्यात जो फरक पडतो त्यावरून एकेकाच्या श्वासाचा आलेख काढता येतो. बाजारातल्या दोनशे माणसांचे आलेख एकावर एक ठेवले तर नुसता शेवयांचा गुंता दिसतो, कारण जो तो आपल्या लयीत असतो. मात्र तीच दोनशे माणसं एकच गोष्ट जीव लावून ऐकू लागली किंवा एकाच गोष्टीला घाबरली की श्वास जुळू लागतात. त्यांना स्वतःला ते कळत नाही, खांबाला कळतं. किती जुळले याचा आकडा शून्यापासून शंभरपर्यंत. सत्तरच्या वर गेला की पिवळा दिवा. तीन मिनिटं वरच राहिला की खांबावरचा कर्णा वाजतो. तो आवाज दाढांत घुसतो. माणूस विचार न करता त्याच्यापासून लांब पळतो, गर्दी पांगते आणि पुढचा अनर्थ टळतो.

निदान माझं म्हणणं तसं होतं. गर्दी बेभान होण्याआधी तिचा दम एक होतो, तेव्हाच तिला मोडायची. हे मी इतक्या बैठकांत सांगितलं होतं की माझा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता.

विश्वास बसायला कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईच्या मागच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि नऊ माणसं गेली. त्या नवांत माझे वडील होते. अण्णा मंडईतले हमाल, दौलत हमाल म्हणून सगळ्यांना माहीत. आई तिथंच भाजी विकते. तीही त्या दिवशी पायऱ्यांवर होती आणि वाचली. चौकशी अहवालात कारण लिहिलं होतं, ‘जमावाचा अनावर उद्रेक’. मी तो अहवाल घेतला आणि कामाला लागले. आईला मात्र मी एकदाही विचारलं नाही, की नेमकं झालं काय. तिच्यासमोर बसून ते ऐकायची माझी छाती नव्हती, आणि यंत्र बनवणं त्यामानानं सोपं होतं.

आता शमीमबद्दल सांगायला हवं. शमीम शिकलगार माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ‘चौक’ नावाचा तिचा गट आहे. रस्त्यावर, बसस्थानकात, धुण्याच्या घाटावर, जिथं माणसं असतील तिथं ती नाटक करायची. खांब आल्यावर तिचे अकरा प्रयोग कर्ण्यानं उधळले. बाराव्या वेळी तिनं नाटक करायचं सोडून दिलं. मला वाटलं, चला, हिला एकदाची अक्कल आली. पण शमीमला गप्प बसवणं इतकं सोपं असतं तर तिच्या सासरच्यांनी ते केव्हाच केलं असतं. तिनं रंगमंच सोडला, संवाद सोडले, ढोलकी सोडली, आणि माणसांना घेऊन उघड्यावर वेगळंच काहीतरी करायला लागली. त्याला नाव काय द्यायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तिनं मंडईतल्या साठ भाजीवाल्या गोळा केल्या. अपघातापासून त्या पायऱ्यांवर कुणी थांबत नव्हतं. लोक खाली बघत भराभर उतरायचे. शमीमचं म्हणणं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला या साठ जणींनी त्या पायऱ्यांवर बसायचं आणि मेथी निवडायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून शेजारी बसवायचं, त्याच्या हातात अर्धी जुडी द्यायची आणि निवडता निवडता त्या एकट्याला सांगायचं, की त्या दिवशी आपण काय पाहिलं. एका बाईला एक ऐकणारा. अहवाल लिहिणाऱ्यांनी या बायकांना एक अक्षर विचारलेलं नव्हतं. सहा आठवडे त्या रोज दुपारी कांद्याच्या गोदामात जमत होत्या. माझी आईही जात होती. हे मला तिनं सांगितलं नाही, शमीमनं सांगितलं.

मी मंगळवारी तालीम बघायला गेले. प्रयोग गुरुवारी होता.

गोदामात बायका गोल बसल्या होत्या आणि शमीम त्यांच्याकडून श्वासाचा सराव करून घेत होती. तिच्या गटात कुठलीही तालीम अशीच सुरू होते. सगळ्यांनी डोळे मिटून एकदम श्वास आत घ्यायचा, चार मोजून थांबायचं, एकदम सोडायचा. त्याला त्या चौकाचा दम म्हणतात. मी दारातच उभी राहिले. त्या दमाचं खांबाशी काय नातं आहे, हे त्या गोदामात मला एकटीलाच ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी मी दम्याच्या रुग्णांसाठी श्वास मोजणारं उपकरण करत होते. त्यासाठी शमीमनं मला तिच्या तालमीत रडार लावू दिला होता. सहा महिने त्या लोकांनी माझ्यासमोर श्वास घेतले, हसले, रडले, तालमीनंतर गप्प बसून राहिले. ते सगळं माझ्याकडे नोंदलं गेलं. पुढं अपघात झाला आणि मला गर्दीचं यंत्र करायचं झालं. अशा यंत्राला आधी उदाहरणं दाखवून शिकवावं लागतं, की बाबा रे, माणसांचा दम एक झाला की तो असा दिसतो. चेंगराचेंगरीच्या नोंदी कुणाकडेच नव्हत्या. एक झालेल्या दमाच्या माझ्याकडे एवढ्याच होत्या. मी त्या वापरल्या. शमीमला विचारलं नाही. आधी वाटलं नंतर विचारू, आणि नंतर विचारायची सोय राहिली नाही. म्हणजे सोनवडचा प्रत्येक दमखांब ज्याला धोका समजतो, तो शमीमच्या गटाचा श्वास आहे. तिचे अकरा प्रयोग उधळले त्याचं कारण हे होतं.

तालीम संपल्यावर तिनं मला आराखडा सांगितला. तासभर गोष्टी. मग अकराला हात थांबवायचे आणि नऊ माणसांसाठी नऊ मिनिटं शांत बसायचं.

“शांतता काढून टाक,” मी म्हटलं. “आकडा चढेल.”

शमीम हसली. ना ताल, ना सूर, ना कुणी नट. गप्प बसण्याला कोण जमाव म्हणेल, असा तिचा हिशेब होता.

“शांत बसलेली माणसं तू कधी मोजलीस?” तिनं विचारलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, अंदाज आहे आपला. ती म्हणाली, तुझ्या अंदाजावर मी त्यांची नऊ मिनिटं सोडू का. मग मी दुसऱ्या बाजूनं धरलं. कर्णा पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आहे. वाजला तर माणसं खाली पळतील आणि खाली लोखंडी फाटक आहे.

“त्याची एक झडप त्या दिवसापासून जाम आहे,” शमीम म्हणाली. “निम्मंच उघडतं. तुला ठाऊक असेलच की. तूच सही केलीस ना त्या जागेच्या कागदावर?”

मला ठाऊक नव्हतं. खांब बसवण्याआधी जागा स्वतः पाहून अभियंत्यानं प्रमाणपत्र द्यायचं असतं. बाकी सगळ्या जागा मी पायी फिरले होते. मंडईच्या पायऱ्या मी उतरलेच नाही. अण्णा जिथं पडले तिथं पाय ठेवायचा धीर झाला नाही. कक्षात बसून कॅमेऱ्याच्या चित्रावरून मी लिहिलं, फाटक पूर्ण उघडं, वाट मोकळी. ते प्रमाणपत्र मागं घेतलं असतं तर नियमानुसार तासाभरात खांब बंद झाला असता. चौकशी लागली असती, नोकरी गेली असती, पण खांब बंद झाला असता. मंगळवारी दुपारी माझ्या हातात दोन दिवस होते.

“कर्णा वाजणार नाही एवढं तू बघशील ना?” शमीमनं विचारलं.

“बघते मी,” मी म्हटलं.

हे दोन शब्द आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. शमीमनं त्यावर साठ बायका सोपवल्या. निघताना ती एवढंच म्हणाली, की तुझी आई तालमीत कुणालाच काही सांगत नाही, नुसती मेथी निवडते, तिला ऐकणारी तू हवी आहेस. मला ड्यूटी होती.

कर्णा रोखायचा एक मार्ग होता. कक्षात दोन किल्ल्या एकदम फिरवल्या की तो खांब दोन तास मुका होतो. एक किल्ली माझी, दुसरी भोईटे साहेबांची. भोईटे आमचे नियंत्रण अधिकारी, वाईट माणूस नाही, पण फाइल अंगावर येईल असं दिसलं की हमखास दौऱ्यावर जाणारा. बुधवारी मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बघू. गुरुवारी सकाळी मी कक्षात पोचले तर साहेब किल्लीसकट मुंबईला गेलेले. आमची यंत्रणा चाळीस शहरांत लावायची की नाही, यावर त्यांची बैठक होती.

दहा वाजता पडद्यावर पायऱ्या दिसत होत्या. बायका बसल्या. पहिल्यांदा कुणी थांबेना. मग एक बँकेतला शिपाई बसला, मग दोन कॉलेजच्या मुली, मग एक जोडपं. मेथीच्या काड्यांचे ढीग वाढू लागले. आकडा बावीस. साडेदहाला पायऱ्यांवर एकशे तीस माणसं होती आणि आकडा सव्वीस. प्रत्येक जण वेगळ्या बाईचं वेगळं ऐकत होता, कुणी मान हलवत होतं, कुणी डोळे पुसत होतं. शमीमचा हिशेब बरोबर होता. मला तिचा अभिमान वाटला, पण अकराची शांतता अजून यायची होती. आई मधल्या वळणाच्या पायरीवर बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

पावणेअकराला दोनशे दहा माणसं झाली. मी भोईट्यांना फोन लावला. ते बैठकीतून बाहेर आले, पण आवाज दबलेला.

“मॅडम, इथं पडद्यावर सोनवडच चालू आहे. मंत्री बघतायत. आज यंत्रणेला हात नको.”

मी म्हटलं, साहेब, फाटक निम्मंच उघडतं, कर्णा वाजला तर माणसं मरतील. ते म्हणाले, प्रमाणपत्रात तर पूर्ण उघडं लिहिलंय, सही तुमची आहे. आणि फोन ठेवला.

मी शमीमला फोन केला. बंद. तिच्या गटाचा नियमच आहे, काम सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन एका टोपलीत जातात. मग प्रमाणपत्र मागं घ्यायचं पान उघडलं, तासाभराची अट दिसली, बंद केलं. तेवढ्यात पडद्यावर शमीम उभी राहिली. पायऱ्या भरल्या होत्या, लोक अजून येत होते, तिनं शांतता पाच मिनिटं आधीच घ्यायची ठरवलेली दिसत होती. तिनं हात वर केला. बायकांचे हात थांबले. आणि मग सवयीनं, केवळ सवयीनं, तिनं सगळ्यांकडून चौकाचा दम घेतला. डोळे मिटून आत, चार मोजून थांबायचं, बाहेर. साठ बायकांनी घेतला, त्यांचं बघून शेजारच्यांनीही घेतला.

आकडा एकोणतीसवरून अठ्ठावन्नवर गेला.

कक्षापासून मंडई चार मिनिटं. मी जिना उतरले, रस्ता ओलांडला, एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या, एक चप्पल कुठं पडली ते बघितलं नाही. मनगटावरच्या घड्याळात आकडा दिसत होता. त्रेसष्ट. अडुसष्ट. मंडईच्या कमानीत पोचले तेव्हा एकाहत्तर झाला आणि खांबावरचा दिवा पिवळा झाला. तीन मिनिटं सुरू झाली.

पायऱ्यांवर इतकी शांतता होती की माझंच धापा टाकणं मला ऐकू येत होतं. दोनशे माणसं मेथीच्या वासात डोळे मिटून बसली होती. एक म्हातारा हात जोडून बसला होता. मी माणसांच्या मधून वाट काढत शमीमपाशी गेले आणि तिच्या कानात म्हटलं, उठव सगळ्यांना, कर्णा वाजणार आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात पालिकेचं ओळखपत्र होतं. तिला वाटलं, मला बंद पाडायला पाठवलंय. तिनं मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

चौऱ्याहत्तर. एक मिनिट पन्नास सेकंद उरले होते. ओरडून ‘पळा’ म्हणणं शक्य नव्हतं, पळणं हाच तर धोका होता. एकदम उठवणंही तसंच. ही शांतता मोडायला हवी होती आणि माणसं जागच्या जागी राहायला हवी होती. मला एकच गोष्ट सुचली, जी मंगळवारी सांगायला हवी होती.

“हा खांब मी बनवला,” मी मोठ्यानं म्हटलं. “आणि शमीम, याला तुमचा श्वास शिकवला. तुझ्या तालमीतला. सहा महिन्यांचा. तुला न विचारता.”

डोळे उघडले. माना वळल्या. कुणी म्हणालं, ही कोण. कुणी म्हणालं, दौलतची पोरगी ना. वरच्या पायरीवरून एक शिवी आली. दोन बायका भांडायच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या. घड्याळात आकडा एकोणसत्तर, साठ, बावन्न. दिवा हिरवा झाला. मी बोलत राहिले. तालमी, दम्याचं उपकरण, अण्णा गेल्यावर मी ते कसं फिरवलं, प्रमाणपत्र, या पायऱ्यांवर पाय ठेवायची भीती. इतक्या वर्षांत कुणालाच न सांगितलेलं सगळं एकदम तोंडातून येत होतं.

आणि मग कुजबूज थांबली. शिवी देणारा माणूस पुढं वाकून ऐकू लागला. उभ्या राहिलेल्या बायका खाली बसल्या. दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला कळायच्या आत घड्याळ थरथरलं. सदुसष्ट. एकाहत्तर. दिवा पुन्हा पिवळा.

ते माझं ऐकत होते, तीच तर अडचण होती.

कॉलेजात असताना शमीमच्या दोन नाटकांत मी काम केलं होतं आणि दोन्ही पाडली होती. ती म्हणायची, उजे, चांगलं चाललेलं दृश्य मातीत घालावं तर तूच. मी मान खाली घातली आणि एकसुरात यंत्राची माहिती पुस्तिका सांगायला सुरुवात केली. स्तंभाची उंची सहा मीटर. लहरींची वारंवारता साठ गिगाहर्ट्झ. जोडणी करताना घ्यायची काळजी, कलम एक. कलम दोन. आयुष्यात इतकं कंटाळवाणं मी कधी बोलले नसेन, आणि इतक्या घाबरत तर नक्कीच नाही. पहिल्या ओळीतल्या मुलीनं जांभई दिली. कुणीतरी नाक मुरडलं. शिपाई उठून पँट झटकू लागला. आकडा सहासष्ट झाला, तरी मी कलम सातपर्यंत थांबले नाही.

शमीम माझ्याकडे टक लावून बघत होती. ती नाटकवाली बाई. माणूस मुद्दाम पाडतोय हे तिच्याइतकं लवकर कुणाला कळणार. तिनं एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा खालच्या फाटकाकडे, आणि उठली. सगळ्यात वरच्या ओळीतल्या बायकांपाशी गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, चला गं, मेथी घेऊन वर जा, गिऱ्हाईक खोळंबलंय. त्या गेल्या. मग पुढची ओळ. ती एकेका ओळीला वेगळं काहीतरी सांगत होती, कुणाला चहा आलाय म्हणून, कुणाला टोपलीतले फोन घ्या म्हणून. माणसं कुरकुरत, माझ्याबद्दल काय काय बोलत वर चढत होती. खाली कुणी गेलं नाही. मी कलम एकोणीस सांगत होते तेव्हा आकडा बत्तीस होता आणि पायऱ्यांवर वीस माणसं होती.

शेवटच्या बाईला वर पोचवून शमीम परत आली. तिचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय, पण तसा कधी बघितला नव्हता.

“माझ्या बायका वाचवल्यास,” ती म्हणाली. “मारणार होतीस तीही तूच. मला आता तुझ्याशी बोलायचं नाही.”

ती वर निघून गेली. मी तिला हाक मारली नाही.

मग पाहिलं तर आई वळणाच्या पायरीवर तशीच बसली होती. मेथीची जुडी मांडीवर, नजर माझ्यावर. मी फोन काढला, प्रमाणपत्र मागं घ्यायचं पान उघडलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘जागा न पाहता सही केली. फाटकाची एक झडप उघडत नाही.’ नाव घातलं, पाठवून दिलं. सव्वाबाराच्या सुमाराला खांब बंद होणार होता. फोन लगेच वाजू लागला, भोईटे साहेबांचा. मी तो उचलला नाही.

“बस,” आई म्हणाली आणि अर्धी जुडी माझ्या हातात दिली.

मी बसले. पानं खुडू लागले.

“लोकं पिसाळली नव्हती,” मग ती म्हणाली. “कागदात लिवलंय ते खोटं हाय. झेंडूची गाडी आत घ्यायची म्हणून वॉचमननं खालचं दार ओढलं. वरनं माणूस येतच हुता. खालच्यांना दम घ्यायला जागा न्हाई. पोरं रडाय लागली. आन् तुझ्या अण्णांनी हाळी दिली.”

“कसली हाळी?”

“पोतं उचलताना देत्यात तसली. हो म्हटलं की सगळ्यांनी एक पायरी मागं. मग थांबायचं, दम घ्यायचा. पुन्हा हो. खालनं वर, एकाचं ऐकून दुसरा, सगळा जिना एका दमात मागं सरकत हुता. पोरं डोक्यावरनं वर दिली. मी तशीच वर आले. शंभर-दीडशे माणूस तसंच वर आलं.”

तिचे हात थांबले होते.

“दाराला चिकटल्याली नऊ माणसं तेवढी ऱ्हायली. त्यातच ते हुते. आवाज बंद झाला तवा मला कळलं.”

मी रडत होते आणि हात आपले पानं खुडत होते. मग न ठरवता माझं डोकं हिशेब करू लागलं, कारण त्याला तेवढंच येतं. दीडशे माणसं, एका हाळीवर, एकाच वेळी श्वास आत, एकाच वेळी बाहेर. नव्वदच्या वर, कदाचित पंच्याण्णव. इतका स्वच्छ आकडा शमीमच्या तालमीतसुद्धा कधी आला नव्हता.

“हा खांब तवा असता तर काय झालं असतं गं?” आईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तिसऱ्या मिनिटाला कर्णा वाजला असता,” मी म्हटलं. “अण्णांची हाळी कुणाला ऐकू आली नसती. सगळी खाली पळाली असती. तू पण.”

आईनं मान हलवली. मग तिनं माझ्या मांडीवरच्या काड्या उचलून आपल्या टोपलीत टाकल्या आणि म्हणाली, एवढं शिकलीस, तीन वर्षांत एकदा मला इचारायचं तरी. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दिवा विझला तेव्हा आम्ही तिथंच होतो. वर, मंडईच्या कमानीत, शमीम उभी होती. खांबाकडे बघत होती. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, दिवा पुन्हा लागतोय का ते बघितलं. मग मागं वळून बायकांना काहीतरी सांगितलं. त्या एकेक करून परत खाली उतरू लागल्या. काहींच्या मागे सकाळचे ऐकणारेही होते. आपापल्या पायरीवर बसल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं, कुणी टाळलं. शमीमनं हात वर केला आणि नऊ मिनिटं सुरू झाली.

मी आईशेजारी बसून होते. शमीमनं मला बस म्हटलं नाही, आणि ऊठही म्हटलं नाही.